टाके मारलेला पांढरा बूट

एअर फोर्स वन हा बूट वाचायला घ्यावा तो तळव्याकडून. जोड उलटा केला की चवड्याखाली एकाच मध्याभोवती पसरत गेलेली वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी. 1982 साली नायकी कंपनीत ब्रूस किलगोर यांनी हा बूट रेखाटला तेव्हा त्यांच्यापुढे बास्केटबॉलचा खेळाडू होता. त्या खेळात एक पाय जमिनीला रोवून बाकीचं अंग गर्रकन फिरवावं लागतं. त्या काळच्या बुटांच्या तळाला बहुधा नागमोडी रेघा असत. धावताना त्या पकड द्यायच्या, पण पाय जागच्या जागी वळवायचा म्हटला की अडायच्या. किलगोर यांनी तिथे वर्तुळं आणली. पाय फिरणार असेल तर तळानेही त्याला फिरू द्यावं, इतका सरळ विचार त्यामागे आहे.

ही वर्तुळं मी पाहतो ती जुन्नर तालुक्यातल्या ओतूरमध्ये, लग्नाच्या वरातीत. डीजेचा आवाज चढला की नवरदेवाचा एखादा मित्र घोळक्यातून पुढे येतो, डावा पाय रोवतो आणि उजव्या पायाने जमीन ढकलत स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो. कडेच्या ओलसर मातीत त्याच्या चवड्याचा ठसा स्वच्छ उमटलेला असतो. या पोरांपैकी बास्केटबॉल खेळलेला क्वचितच सापडेल. तरी मला त्यात काही उसनं वाटत नाही. ज्या हालचालीसाठी ती वर्तुळं कोरली गेली, नेमकी तीच हालचाल मांडवीकाठच्या या गावात, वेगळ्या तालावर, होत असते. चांगल्या आकाराचं हेच लक्षण मी मानतो. तो ज्याच्यासाठी घडला त्याच्यापुरता राहत नाही.

आता बूट सरळ करावा. पुढच्या भागावर, बोटांच्या वर, बारीक भोकं आहेत. ती वाऱ्यासाठी. टाचेच्या आत हवेची बंद पिशवी आहे. ही कल्पना फ्रँक रूडी या विमानउद्योगातून आलेल्या अभियंत्याची. बास्केटबॉलच्या बुटात ती पहिल्यांदा आली ती याच जोडात. पण ती बाहेरून दिसत नाही. हवेला खिडकी ठेवून ती मिरवायची युक्ती पुढे 1987 च्या एअर मॅक्समध्ये आली. मला स्वतःला न दिसणारी हवा जास्त भावते. सगळा आधार आत आणि बाहेर फक्त जाड, शांत, पांढरी भिंत. मूळचा उंच बूट बाजूने पाहिला तर त्याची कड पुढून उंच आणि मागे घोट्याकडे उतरती आहे. हा उतार किलगोर यांनी डोंगर चढायच्या बुटावरून घेतला. हरिश्चंद्रगडाकडे निघालेल्या भटक्यांच्या गाड्या ओतूरवरून जाताना पाहणाऱ्याला ही नात्याची गोष्ट ऐकून बरं वाटतं. अर्थात खरा भटका हा बूट घालून कातळ चढणार नाही, आणि चढूही नये. त्याचं वजनही भारी आहे आणि ओल्या दगडावर त्याचा भरवसा नाही.

पण या बुटाचा खरा विषय रंग आहे. पहिला जोड पांढरा होता तरी त्यावर करड्या रंगाची खूण होती. तळापासून नाडीपर्यंत सगळं पांढरं, हे रूप नंतर रुळलं आणि आज जगभर तेच ओळखलं जातं. मोठ्या शहरातल्या फरशीवर पांढरा बूट हा एक रंग असतो. जुन्नर तालुक्यात तो निर्धार असतो. इथे काळी माती आहे, कांद्याची आरण आहे, ठिबकच्या नळ्यांखालचा चिखल आहे, आळेफाट्याकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ आहे. अशा ठिकाणी पायात पांढरं घालणं म्हणजे रोज एक भांडण अंगावर घेणं. कांद्याची पट्टी हातात आल्यावर एखादा पोरगा हट्टाने पांढराच जोड घेतो तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, अरे, काळा घ्यायचास, मळ दिसला नसता. त्याला मात्र मळ दिसायलाच हवा असतो, म्हणजे तो काढलेलाही दिसतो.

पांढऱ्या बुटाचं सौंदर्य राखणीत आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे. ही राखण बघण्यासारखी असते. रविवारी सकाळी ओट्यावर जोड येतो. आधी नाड्या सोडून वेगळ्या भिजत घालायच्या. जुन्या टूथब्रशवर थोडी पेस्ट घ्यायची, तळाच्या भिंतीवरची काळी रेघ घासायची, मग जीभ बाहेर ओढून तिची कड. पुढच्या भोकांत अडकलेली माती काढायला काडेपेटीतली काडी. धुतलेला बूट उन्हात ठेवायचा नाही, पिवळा पडतो. सावलीत ठेवायचा, आत कागद कोंबून, आणि तोही कोरा, कारण वर्तमानपत्राची शाई लागते. पावसाळ्यात तर वस्तीवरून निघताना पायात स्लिपर आणि बूट पिशवीत असतो. डांबरी लागली की स्लिपर पिशवीत आणि बूट पायात. ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात येणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या पायातला पांढरा रंग असा चिखल टाळत, हातातून, वर्गापर्यंत आलेला असतो.

अमेरिकेत या बुटाला तारलं तेही असंच बारकाईने जपणाऱ्यांनी. बाजारात आल्यावर दोनेक वर्षांतच कंपनीने तो बंद केला होता. खेळाच्या बुटांची तीच रीत होती. नवं आलं की जुनं गेलं. बाल्टिमोर शहरातल्या तीन दुकानदारांकडे मात्र पोरं तोच बूट मागत राहिली. दुकानदारांनी कंपनीची पाठ धरली, थोडे जोड नव्या रंगांत बनवून घेतले, ते खपले, आणि बंद पडलेला बूट परत सुरू झाला. तिथून तो न्यूयॉर्कच्या हार्लेमला गेला आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत डागरहित पांढरा बूट ही तरुणांची शान झाली. 2002 मध्ये नेली या रॅपरने बुटाच्या नावाचंच गाणं केलं. त्याआधी, 1986 च्या उन्हाळ्यात, रन-डीएमसी या रॅप गटाने मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात श्रोत्यांना पायातले आदिदास वर धरायला सांगितले आणि हजारो बूट हवेत गेले. आदिदास कंपनीचा माणूस तिथे हजर होता. पुढे त्या गटाशी सुमारे दहा लाख डॉलरचा करार झाला. खेळाडूची शिफारस विकत घेणाऱ्या बूटकंपन्यांना गाणाऱ्याची ताकद कळली ती तेव्हा. या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीने बूट बनवला, पण त्याला मोल आणलं ते वस्त्यांनी. पैसा बहुतेक कंपनीकडे गेला हेही तितकंच खरं.

आपल्याकडे पांढऱ्या बुटाची राखण हार्लेमवरून आली, असं कुणी समजू नये. ती शाळेतून आली. कलकत्त्याजवळ बाटानगर वसल्यानंतर, 1936 साली, बाटाने भारतीय शाळांतल्या कवायतीसाठी कापडी टेनिस बूट काढला. वर पांढरं कॅनव्हास, खाली रबर, बस्स. शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश आणि हे बूट, ही आठवण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची आहे. शुक्रवारी रात्री बूट धुवायचे, आणि सकाळी डाग उरलेला दिसला तर वर्गातून आणलेला खडू ओल्या कापडावर घासायचा. कवायतीला उडी मारली की पायातून पांढरी पूड उडायची. ज्या घरात पांढऱ्या पॉलिशची बाटली नव्हती त्या घरात खडू होता, आणि ज्या घरात बूटच नव्हता तिथलं मूल रांगेत शेवटी, अनवाणी उभं असायचं. आजच्या टूथपेस्टमागे तो खडू आहे. म्हणून ओतूरच्या पोराला पांढरा बूट राखायला कुणी शिकवावं लागत नाही.

खेळाचंही तसंच. आपल्या मुख्य खेळांत पाय उघडा होता. कुस्ती लाल मातीत, कबड्डी अंगणातल्या मातीत, आणि दोन्हीकडे पायाची बोटं जमीन पकडायची. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी आखाडा भरतो. तिथे मातीत रुतलेला पैलवानाचा अंगठा पाहिला की पाय हेच किती मोठं हत्यार आहे ते कळतं. मग कुस्ती गादीवर गेली. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. कबड्डी मॅटवर गेली, 2014 पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसू लागली, आणि शाळकरी पोरांनाही मॅटवरचा पातळ तळाचा बूट हवासा झाला. जमीन बदलली म्हणून पाय बदलला. फॅशन मागून आली.

शिवाय आहे पोलीस भरती. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी हे या भागातलं रोजचं दृश्य. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, त्यात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. सेकंदावर गुण ठरतात, आणि गुणांवर घर. इथे एअर फोर्स वन कामाचा नाही. तो जड आहे, आणि हे त्यांना चांगलं कळतं. म्हणून अनेकांकडे दोन जोड असतात, पळायचा आणि घालायचा. पळायचा हलका, भडक रंगाचा, तळ झिजलेला. घालायचा पांढरा. पळायच्या बुटात नोकरीची आशा आहे आणि घालायच्या बुटात त्या दिवसाची जेव्हा आपण मिळवते असू. मला या दुसऱ्या जोडाला चैन म्हणवत नाही.

वर्षातून एकदा पळणं आणि मिरवणं एकत्र येतं, शिवजयंतीला. शिवनेरीवरून ज्योत घेऊन पोरं आपापल्या गावाकडे पळत निघतात. पुढे मशाल, पाळीपाळीने बदलणारे धावणारे, मागे टेम्पोत पोवाडे आणि गाणी, डोक्याला भगवं, अंगात एकसारखे टी-शर्ट. काही अनवाणी पळतात, नवस म्हणून. बाकीच्यांच्या पायात बूट असतात. गडावर जन्मस्थानापाशी मात्र सगळे बूट उंबऱ्याबाहेर निघतात. खेळ, संगीत आणि पेहराव यांचा संगम म्हणून जगात ज्या गोष्टीची चर्चा होते, ती आमच्या तालुक्यात फेब्रुवारीच्या थंडीत घाटरस्त्याने धावत जाते.

संगीताबद्दल एक मुद्दा राहतो. आमचं शेजारचं नारायणगाव हे तमाशाचं माहेर. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. तमाशात पाय हेच वाद्य आहे. घुंगरांचा भार बांधलेला उघडा पाय ढोलकीला जबाब देतो, आणि जाणकार रसिक डोळे मिटूनही नाच ऐकू शकतो. रबरी तळाला ही वाणी नाही. वरातीत नाचणारा पांढरा बूट मुका असतो, सगळा आवाज ट्रॉलीवरच्या भोंग्यांचा. इथे काहीतरी हरवलं आहे असं मला वाटतं, आणि ते बोलून दाखवायला हवं. बुटातला पाय दिसण्यासाठी नाचतो. घुंगरातला पाय सांगण्यासाठी नाचत होता. तरीही 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ या गाण्याने मराठी शब्द घेऊन जगभरच्या नाचाच्या मैदानात उडी मारली, तेव्हा त्याच मुक्या बुटांना मराठीवर थिरकताना पाहून मी खूश झालो होतो.

आणि आता ते, ज्याशिवाय आपल्याकडे पायताणाचं कुठलंच वाचन पुरं होत नाही. गावगाड्यात कुणी पायात काय घालायचं हे जात ठरवत होती. पुष्कळ गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या अकोले तालुक्याचे दया पवार. त्यांच्या 1978 च्या ‘बलुतं’ या आत्मकथनात त्या गावगाड्याचं जे चित्र आहे ते आपल्यापासून फार लांबचं नाही. सगळ्या गावाच्या पायात चप्पल घालणारा चर्मकार बलुतेदार स्वतः मात्र गावाच्या कडेला ठेवला गेला. त्या रस्त्यांवरून आज कुणाचंही पोर चकचकीत पांढरा बूट घालून, तोही आवाज चढवलेल्या गाण्याच्या मागे, मधोमध चालतं. बूट म्हणजे समता नव्हे, हे मला कळतं. पण पायात काय घालायचं हे ठरवण्याचा हक्क ज्यांच्या आज्यापणज्यांना नव्हता, त्यांच्या पायातल्या पांढऱ्या रंगाकडे मी उधळपट्टी म्हणून बघू शकत नाही.

श्रावणात कपर्दिकेश्वराच्या दारात पांढऱ्या बुटाचा हा मान आणि त्याची काळजी दोन्ही एकदम दिसतात. तांदळाच्या पिंडींच्या दर्शनाला रांग लागलेली, बाहेर चपला-बुटांचा ढीग. पांढरे जोड इतके सारखे की परत येऊन आपला कोणता हे ओळखणं अवघड. म्हणून पोरं एक बूट एका कोपऱ्यात ठेवतात आणि दुसरा पार दुसऱ्या टोकाला. एकटा बूट कोण नेणार? नमस्कार करतानाही अर्धं मन त्या दोन टोकांना असतं.

हे बहुतेक जोड ‘फर्स्ट कॉपी’ असतात. अस्सल जोडाला कित्येक हजार पडतात, नकलेला त्याचा लहानसा भाग. रसग्रहण करणाऱ्याने नकलेपाशी थांबावं की नाही? मी थांबतो, कारण इथेच मला या बुटाचा सगळ्यात सुंदर भाग सापडला. अस्सल बुटात रबरी तळ वाटीसारखा असतो. वरचा भाग त्या वाटीत बसवतात आणि वाटीच्या कडेने, सगळ्या बाजूंनी, दोऱ्याची शिलाई घालतात. ही शिलाई बाहेरून दिसते, आणि तीच बुटाचा जीव आहे. पुष्कळ नकलांत मात्र दोरा नसतो. रबर साच्यातून काढतानाच कडेला टाक्यांचा आकार उठवलेला असतो, आणि प्रत्यक्षात सगळं पकडून ठेवतो तो गोंद. चार महिने जातात, एक पावसाळा होतो, आणि बूट पुढून तोंड वासतो.

मग तो बाजारात रस्त्याकडेला बसलेल्या चर्मकार कारागिराकडे येतो. तो आधी आत बोट घालून किती उसवलंय ते बघतो. आतली माती ब्रशने झटकतो, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावतो, ते सुकेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाची चप्पल हातात घेतो. नंतर बूट मांडीत दाबून आरी काढतो. विचारतो, पांढराच दोरा लावू ना? मेण घासलेल्या जाड दोऱ्याचं टोक आरीच्या खाचेत अडकतं, रबर भेदून आत जातं, फास घेऊन बाहेर येतं, आणि तो मुठीला पीळ देऊन आवळतो. साच्यातून उठवलेले खोटे टाके त्याला आयती रेघ देतात. तो त्याच खाचेतून आरी घालतो, त्यामुळे खोट्या टाक्याच्या जागी, एकेक करत, खरा टाका बसत जातो. टोकाशी वळण आलं की टाके जवळ येतात, बाजूला सरळ रेघ आली की थोडे लांब. शेवटची गाठ आत, जिथे पायाला टोचणार नाही अशा ठिकाणी.

हे मी पाहिलं तेव्हा किलगोर यांच्या बुटाचा अर्थ मला पुरता कळला. कंपनीच्या आराखड्यात जी शिलाई होती आणि नक्कल करणाऱ्याने पैसे वाचवायला जी गाळली, ती ओतूरच्या रस्त्यावर, पिढ्यान्‌पिढ्या कातड्यावर चाललेल्या हाताने परत आणली. त्या हाताला बाल्टिमोर ठाऊक नसेल. बूट कसा टिकतो हे ठाऊक आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये सोथबीजने याच बुटाचे 200 जोड लिलावात काढले. लुई व्हितॉन या फ्रेंच घराण्यासाठी व्हर्जिल अ‍ॅब्लो यांनी घडवलेले, इटलीतल्या कारखान्यात शिवलेले. सगळे मिळून सुमारे अडीच कोटी डॉलरला गेले आणि तो पैसा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला मिळाला. अ‍ॅब्लो त्याआधीच, नोव्हेंबर 2021 मध्ये, वारले होते. त्या जोडांची छायाचित्रं मी मन लावून पाहिली आहेत. कारागिरी अव्वल आहे आणि हेतू त्याहून मोठा. तरी माझी पसंती विचाराल तर ती बाजारातल्या, टाके मारलेल्या, टूथपेस्टने घासलेल्या जोडाला आहे. तो बूट वरातीत फिरतो, ओली माती चुकवत वर्गात जातो आणि देवळाबाहेर आपल्या जोडीदाराची वाट बघतो. एवढं सगळं झालेला एअर फोर्स वन मला इतरत्र दिसलेला नाही.

तुमच्या घरात तोंड वासलेला पांढरा जोड पडला असेल तर तो कचऱ्यात टाकू नका. बाजाराच्या दिवशी घेऊन जा, चारी बाजूंनी टाके मारून मागा, आणि कारागीर सांगेल ती मजुरी घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवा.